उरलेलं पाकीट

ढमढेरे डॉक्टर म्हणाले, लसी पुऱ्या होईपर्यंत
जमिनीला पाय नको.
म्हणजे सात आठवडे चौथा मजला हेच जग.
त्या जगात एक कोपरा ठरवा, म्हणाले,
बाल्कनीच्या दाराशी. तिथे पॅड.
झोपून उठली की तिथे, खाल्लं की तिथे,
खेळता खेळता थांबून स्वतःभोवती फिरायला लागली
की उचला आणि पळा.

मी त्रेपन्न वर्षांची आहे.
पळते.

खारी नाव ठेवलंय.
धायरी फाट्यावर बेकरीच्या शटरखाली सापडली म्हणून.
रंगही तोच, कडेला जरा करपलेला.
वजन एक किलो आठशे,
त्यातलं निम्मं पाणीच असणार
असा माझा हिशेब.

पहिल्या दिवशी सोफ्यामागे, चपलेत,
विजेच्या बिलावर (भरलेलं होतं).
पॅडवर मात्र गाढ झोपली.
दुसऱ्या दिवशी पॅड फाडलं,
घरभर कापूस, आणि नाकाच्या शेंड्यावर थोडा.
तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय पॅडवर,
मागचे दोन फरशीवर,
आणि तोंडावर नियम पाळल्याचं पुरेपूर समाधान.
काय बोलणार?
कर्वे रोडच्या सिग्नलला
पांढऱ्या पट्ट्यांवर चाक टेकवून
माणसं अशाच चेहऱ्याने उभी असतात.

रागवायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय.
चुकलं तर गप्प पुसून घ्यायचं.
जमलं तर कौतुक, तेही लगेच,
तीन सेकंदांच्या आत,
नाहीतर कशाचं ते तिला कळत नाही.

गुरुवारी रात्री पपीचे पॅड संपले.
शहांचं मेडिकल दहालाच बंद.
मी दिवाणाची पेटी उघडली.
गोधड्यांखाली ते पाकीट होतं,
निळं, मोठ्या मापाचं,
दहातले चार शिल्लक.

बाबा स्वारगेटला एसटीचे वाहतूक नियंत्रक.
बत्तीस वर्षं सातारा, मिरज, बार्शी
वेळेवर सोडल्या.
शेवटच्या वर्षात, पहिल्यांदा चादर ओली झाली तेव्हा
हसून म्हणाले,
गाडी वेळेआधी सुटली गं.
मीही हसले.
पुढे ते म्हणेनासे झाले.
भिंतीकडे तोंड करून पडायचे,
मी चादर ओढून काढेपर्यंत
हात छातीशी घट्ट धरून.

हरकत नाही, म्हणायची मी.
हरकत असलेल्या आवाजात.
आणि एकदा, ऑडिटचे दिवस होते,
पहाटेचे चार वाजले होते,
मी म्हणाले,
आधी सांगता येत नाही का?

त्यांनी उत्तर दिलं नाही.
दुसऱ्या दिवसापासून
पाणी प्यायचं कमी केलं.
हे मला फार उशिरा समजलं,
तांब्या संध्याकाळीही भरलेला दिसायला लागला तेव्हा.

पॅड अंथरलं. अख्खा कोपरा निळा झाला.
खारी कडेकडेने चालली, हुंगत, हुंगत,
जणू कुणीतरी आधीच इथे आहे.
मी श्वास धरून बसलेले.
मग बरोबर मध्यावर गेली,
मागचे पाय वाकवले,
आणि माझ्याकडे बघत बघत,
जराही न लाजता,
रुपयाएवढा एक गडद डाग.

शाब्बास, म्हणाले मी.
फार मोठ्याने.
रात्रीचे अडीच वाजले होते,
खालच्या मुजुमदारांकडे दिवा लागला.
शाब्बास, पुन्हा म्हणाले,
तीन सेकंद केव्हाच उलटून गेले होते.

सकाळी दूध काढायला गेले
तर फ्रीजसमोर तळं.
खारी शेपूट हलवत त्याच्याच काठाशी.
फडकं आणलं. गुडघे टेकले.
गाडी वेळेआधी सुटली गं,
तिला सांगितलं,
आणि तिच्या वाटीत
पाणी काठोकाठ भरलं.